झाकणबाई

झिम्बाब्वेच्या सीमेजवळच्या फ्रान्सिसटाऊनच्या औद्योगिक वसाहतीत शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे. मालकाचं नाव रा केबोनांग. तिकडे पुरुषाला मानाने रा म्हणतात, बाईला मा. तिथे सकाळच्या चहाला रोज एक तरी विनोद व्हायचाच, आणि तो बहुतेक वेळा सीमेपलीकडून इथे शिवायला आलेल्या सेकाईवर असायचा.

"साखर संपली? सेकाईची पिशवी बघा गं, एव्हाना सीमेपलीकडे निघाली असेल!"

"सेकाई, तुमच्या झिम्बाब्वेत म्हणे पावाच्या रांगेत मूल उभं केलं की नंबर लागेपर्यंत त्याचं लग्न होतं?"

सेकाई हसायची. कधी कधी स्वतःच भर घालायची. "लग्न कसलं? मी तर जन्मलेच रांगेत. आई पुढे सरकली, मी मागे राहिले!" मग सगळ्या बायका पोट धरून हसायच्या, आणि कोणीतरी तिच्या हातावर गरम मागविन्या, पिठाचे तळलेले गोळे, ठेवायचं.

विनोद करणारी माणसं दुष्ट नव्हती. तुमच्या-माझ्यासारखीच होती. रविवारी चर्चला जाणारी, शेजारी कोणी वारलं तर लाकडं आणि पीठ घेऊन धावणारी. परदेशी माणसाची थट्टा केली तर त्यात काय बिघडतं, असं आपल्यापैकी कितीतरी जणांना वाटतं. त्यांनाही तसंच वाटत होतं.

सेकाईलाही त्याचं फारसं काही वाटत नसे. कारण शेजारच्या मशीनवर गोराता बसायची.

गोराता इथलीच, मोनार्क वस्तीतली. नवीन लागली तेव्हा तिला धड काजं करता येत नव्हती. सेकाईने तिचा हात धरून ती शिकवली. गोराताच्या बाळंतपणात सेकाईने तिचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. तिची मुलगी सेकाईला मोठी मावशी म्हणायची. परक्या गावात पाठीला टेकायला एक भिंत असावी, तशी सेकाईला गोराता होती.

एका रविवारी दुपारी दोघी गोराताच्या अंगणात मोरुलाच्या झाडाच्या सावलीला शेंगा सोलत बसल्या होत्या. बोलता बोलता गोराताने विचारलं, "तुझ्या नावाचा अर्थ काय गं?"

"हसा," सेकाई म्हणाली. "माझ्याआधीची दोन मुलं गेली म्हणून भावकीतल्या बायका आईला हसायच्या. मी जगले तेव्हा आईने त्यांच्या तोंडावर नाव ठेवलं, सेकाई! हसा आता, काय हसायचंय ते!"

एक गोष्ट निघाली की दुसरी निघते. जी गोष्ट सेकाईने नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती, ती त्या दुपारी बाहेर आली. ती पहिल्यांदा या गावात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि जवळ कागद नव्हते. एका घरी स्वयंपाकाला होती. पातेल्यावरचं झाकण उचलून भाजी ढवळत असतानाच पोलीस आले. हातात झाकण होतं, तशीच तिला जाळीच्या गाडीत चढवली. गाडी भर बाजारातून निघाली. रस्त्यावरची माणसं बोटं दाखवत होती, पोरं मागे धावत होती. चर्चमधलं कोणी बघेल म्हणून तिने ते झाकण तोंडासमोर धरलं. सीमा येईपर्यंत धरून ठेवलं.

"हात भरून आला होता गं. पण खाली घेतला नाही."

गोराताच्या डोळ्यांना धार लागली. तिने सेकाईला जवळ घेतलं.

"हे कोणाला सांगू नकोस," सेकाई म्हणाली.

"वेडी का काय मी? हे माझ्यासोबत मातीत जाईल!"

त्या दुपारला दोन वर्षं झाली. आता सेकाईकडे कामाचा रीतसर परवाना होता. भाड्याची का होईना, स्वतःची खोली होती. ती जाळीची गाडी कुठल्यातरी दुसऱ्याच मुलीची गोष्ट असावी, असं तिला वाटू लागलं होतं.

मग स्वातंत्र्यदिन आला. आदल्या दिवशी कारखान्यात दरवर्षी जेवण असतं. मशीन भिंतीला लावली होती, निळ्या-काळ्या-पांढऱ्या फिती टांगल्या होत्या. सेस्वाचं, म्हणजे शिजवून कुटलेल्या मांसाचं, मोठं पातेलं, गेमेरेच्या, आल्याच्या सरबताच्या, बादल्या. गाणी झाली, नाच झाला. मग सगळ्यांनी एकच गलका केला, "गोराता! गोराता!"

नकला करण्यात गोराताचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने आधी रा केबोनांगची चाल काढून दाखवली. मालक स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. सेकाईसुद्धा हसत होती, सगळ्यांच्या पुढे बसून.

गोराता कापडांच्या ढिगामागे गेली. आणि मग दोन मुली कापड वाहायची जाळीची ढकलगाडी घेऊन आल्या. गाडीत गोराता उकिडवी बसली होती. तोंडासमोर पातेल्याचं झाकण. झाकणाआडून एक डोळा बाहेर काढून ती सीमेपलीकडच्या हेलात रडायला लागली, "नका नेऊ हो पोलीसदादा, माझी भाजी करपेल! देश करपला तो करपला, निदान भाजी तरी वाचू दे!"

हॉल हास्याने फुटला! माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती.

सेकाईच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, खळ दिलेल्या कापडासारखं कडक. गोष्ट खरी आहे हे त्या हॉलमध्ये फक्त दोघींना ठाऊक होतं. एक प्रेक्षकांत होती. दुसरी गाडीत बसून टाळ्या घेत होती. आणि सगळ्यांचे डोळे वळून वळून सेकाईकडे येत होते, ही हसते की नाही ते बघायला. ती हसली. काय करणार होती?

सुट्टी संपून कारखाना उघडला तेव्हा तिला नवं नाव मिळालं होतं. झाकणबाई. माल न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरपासून नव्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तेच म्हणायचे. ती दारातून आली की कोणीतरी डब्याचं झाकण वाजवायचं.

सेकाईने मशीनवर गोराताला विचारलं, "का केलंस?"

"अगं, तुझं नाव घेतलं का मी?"

"घ्यावं लागलं?"

गोराताने दोरा दातांनी तोडला. "तू फारच मनाला लावून घेतेस बाई! रोज तर हसतेस. रांगेत जन्मले म्हणून सांगतेस. त्या दिवशीही हसलीस. तुझ्या नावातच हसा आहे की!"

"ते नाव आईने कोणाच्या तोंडावर ठेवलं, तेही मी तुलाच सांगितलं होतं."

गोराता मान खाली घालून शिवायला लागली. त्या दिवसापासून ती दुसऱ्या टोकाच्या बाकावर चहा प्यायला लागली. आपल्याकडे हे असंच होतं पाहा. ज्याला दुखावलं त्याच्याजवळ बसायला दुखावणाऱ्यालाच जड जातं.

पुढच्या आठवड्यात कापड कापण्याची मोठी कात्री सापडेना. संध्याकाळी सुट्टी झाली, बायका फाटकाकडे निघाल्या. नवा पहारेकरी आडवा उभा होता. एक बाई गेली, दुसरी गेली, गोराता पुढे गेली. सेकाई आली तसा त्याने हात आडवा केला.

"झाकणबाई, पिशवी दाखव."

"फक्त माझी?"

"दाखव म्हणतो ना."

त्याने पिशवी तिथेच दगडावर उपडी केली. डबा, रुमाल, परवान्याचा कागद असलेली प्लॅस्टिकची पिशवी, गोराताच्या मुलीसाठी शिवत आणलेला चिमुकला झगा. बायका थांबून बघत होत्या. फाटकापलीकडे गोराता उभी होती, स्वतःची न तपासलेली पिशवी छातीशी धरून. सेकाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. एक शब्द, बस्स! 'ही तसली नाही,' एवढं तरी!

गोराताने नजर वळवली आणि रस्ता धरला.

त्या वेळी सेकाईला कळलं की झाकण धरून बसलेल्या त्या दिवशी तिची इतकी लाज गेली नव्हती. तेव्हा बघणारे सगळे परके होते.

सकाळी ती मशीनवर बसलीच नाही. सरळ मालकांपुढे जाऊन उभी राहिली. चहाची वेळ होती, सगळे व्हरांड्यात होते.

"रा केबोनांग, मी काम सोडते."

"अहो, कात्री मिळाली!" मालक ओशाळून म्हणाले. "धार लावायला पाठवली होती, मुकादम सांगायचं विसरला. एवढ्याशा गोष्टीवरून कोणी काम सोडतं का?"

"गंमत सहन होत नाही तिला," बाकावरून कोणीतरी पुटपुटलं.

तेव्हा मा चियापोने हातातला पेला खाली ठेवला. मा चियापो इस्त्रीवर होती, कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. कलांगा जमातीच्या घरातली. तिचं अर्धं गोत सीमेच्या अलीकडे, अर्धं पलीकडे. ती फारशी बोलत नसे.

"गंमत का?" ती म्हणाली. "मग मला सांगा, काल पहारेकऱ्याला सेकाईचीच पिशवी बघ म्हणून कोणी सांगितलं? मालक, तुम्ही?"

"मी? छे! मी म्हटलं, पिशव्या बघ. सगळ्यांच्या."

"ऐकलंत? सगळ्यांच्या! हा पोरगा आत्ता कुठे लागलाय. त्याला आपली कोणाचीच ओळख नाही. चोरी हा शब्द कानावर पडला आणि त्याला एकच नाव आठवलं. का? कारण त्याने इथे चहा पिताना रोज तेच ऐकलं. साखर कुठे गेली, सेकाईच्या पिशवीत. कात्री कुठे गेली, सेकाईच्या पिशवीत. आपण हसण्यावारी पेरलं, त्याने खरं म्हणून कापलं. दोष त्याचा का आपला?"

एक बाई हळूच म्हणाली, "पण मा चियापो, ती स्वतःही हसायची."

"हसेल नाही तर काय करेल? तिच्या एकटीच्या विरुद्ध तुम्ही एवढ्या जणी! माझा बाप जोहान्सबर्गच्या खाणीत होता. तुमच्यातल्या कितीजणींचे आजे होते तिथे. तिथली माणसं त्यांना कुठल्या नावाने हाक मारत, घरी सांगितलं का कधी कोणी? माझ्या बापानेही नाही सांगितलं. मी लहान असताना सीमेपलीकडून लढाईमुळे पळून आलेली एक मुलगी आमच्या वर्गात आली. आम्ही तिला एक शब्द चिकटवला. जेवताना मी तो हसत हसत घरात बोलले. बापाने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, 'हाच शब्द. मी जमिनीखाली असताना हाच शब्द.' आणि उठून बाहेर गेला. त्या रात्री तो जेवला नाही, आणि तो शब्द पुन्हा माझ्या तोंडातून निघाला नाही."

मग तिने गोराताकडे पाहिलं. "आपले म्हातारे काय म्हणतात, पोरी? दाखवलेलं बोट मागे घेता येतं, बोललेला शब्द मागे येत नाही. तुझी नक्कल मला आवडते. पण जिच्या घरी जेवलीस तिलाच ताटात वाढलंस तू. हे मला नाही आवडलं."

गोराता उठली. चेहरा राखेसारखा झाला होता. "मी... ती झाकणाची गोष्ट... ती खरं म्हणजे—"

सेकाईने दुरूनच मान हलवली. नको. तेवढं तरी नको.

गोराताला कळलं. गोष्ट खरी आहे असं सांगून आपण तिला दुसऱ्यांदा त्या गाडीत बसवणार होतो! ती तिथेच रडू लागली. "तो खेळ मी करायला नको होता," ती एवढंच म्हणाली. "आणि काल फाटकावरून मी निघून जायला नको होतं. माझ्यासारखी नीच बाई नाही."

"रडून काय होतं?" मा चियापो म्हणाली. "संध्याकाळी त्याच फाटकातून जायचंय."

मालकांनी सेकाईची सर्वांसमोर माफी मागितली, आणि कोणाच्या देशावरून, जमातीवरून, बोलीवरून थट्टा झाली तर ती मला आधी ऐकवायची, असं बजावलं. सेकाई संध्याकाळपर्यंत थांबायला कबूल झाली. पुढचं पुढे.

सुट्टी झाली. गोराता धावतच सगळ्यांच्या पुढे गेली आणि पहारेकऱ्यासमोर तिने आपली पिशवी दगडावर उपडी केली. कंगवा, डबा, चुरगळलेले कागद, सगळं धुळीत.

"बघ! आधी माझी बघ! काल का नाही बघितलीस?"

पोरगा भांबावला. तेवढ्यात मा चियापोने आपली पिशवी उपडी केली. मग तिसरीने, चौथीने. जी काल झाकण वाजवत होती तिनेसुद्धा! फाटकासमोर संसाराचा पसारा पडला. पहारेकरी गोळा करून देत राहिला आणि प्रत्येकीला म्हणत राहिला, "चुकलो मा, चुकलो." शेवटी सेकाई आली. तो बाजूला सरकला आणि टोपी काढून म्हणाला, "जा, मा सेकाई."

त्या दिवसापासून कारखान्यात ते नाव कोणी घेतलं नाही.

रस्त्याने गोराता तिच्या मागे मागे आली. बसथांब्याशी तिने सेकाईचा हात धरला. "माफ केलंस मला?"

सेकाईने बस येते का ते पाहिलं. मग म्हणाली, "माफ केलं. उद्या कामावर येईन, तुझ्या शेजारीच बसेन. तुझी मुलगी माझी भाची आहे, तिला झगा देईन. पण गोराता, त्या दुपारी मी तुला जशी सांगत होते ना, तशी आता मी कोणालाच काही सांगू शकणार नाही. तुलाही नाही. तेवढं तू मोडलंस."

बस आली. ती चढली आणि खिडकीपाशी बसली. गोराता खाली उभी राहिली.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्या शेजारच्या टेबलावरही असं कोणीतरी असेल, दुसऱ्या देशातून, दुसऱ्या मुलखातून आलेलं. आपल्या विनोदावर ते हसतही असेल. त्या हसण्याला परवानगी समजू नका. परक्या गावात एकटा असलेला माणूस रडण्याऐवजी हसतो, कारण रडायला त्याला तिथे कोणी नसतं. आणि ज्याने विश्वासाने आपल्यापुढे मन उघडं केलं, त्याच्या दुःखाचा तमाशा करून मिळालेल्या टाळ्या फार महाग पडतात. माफी मिळते. विश्वास मिळेलच असं नाही.