कारभारीचे दोन हात

"भिका, हे तुला पटायचं नाय. अख्ख्या गिरणारे गावात कोणाला पटायचं नाय," ओट्यावर मांडी घालत कारभारी म्हणाला. "पण आज दुपारी उतारावर सुटलेली पिकअप मी या दोन हातांनी थांबवली!"

शेजारचा भिका नाकाला उपरणं लावून बसला होता. "सांग तर खरं," तो म्हणाला.

झालं होतं असं. पिकअप अठरा वर्षांची. परवा मार्केटच्या वळणावर तिचा ब्रेक पार तळाला गेला. टोमॅटो तोडून पडलेले, आणि गावातला मेकॅनिक मेव्हणीच्या लग्नाला गेलेला. सातपूरला कंपनीत असलेला लेक अमोल फोनवर ओरडला, "दादा, ब्रेकला हात लावू नका!" मग तर हात लावणं भागच पडलं.

अंगणाला उतार. उताराच्या टोकाला बिनकठड्याची विहीर, वाटेत डाव्या अंगाला उकिरडा. हँडब्रेक कधीचाच गेलेला, म्हणून कारभारीने पुढच्या चाकांपुढे दोन दगड लावले, गळकी रबरं बदलली, नवं ब्रेक ऑइल ओतलं. आता नळ्यांतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बारका नट सैल करून हवा सोडायची आणि लगेच आवळायचा. आत बसली त्याची बायको मालनबाई. जन्मात पहिल्यांदा स्टेअरिंगमागे.

"दाब!"

"दाबलं! पायाला गोळा आला माझ्या."

चौथ्या चाकाची हवा निघत होती तोच मालनबाईने पदराची गाठ सोडली. "अहो, आधी लिंबं घ्या. साडेचारनंतर अवस लागतेय."

गाडीचं काम झालं की चाकांखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घ्यायची, ही घरची रीत. कारभारी रीतीचा पक्का. त्याने पाना तिथेच टाकला, आणि लिंबांना जागा हवी म्हणून पुढचे दोन्ही दगड उचलून बाजूला ठेवले.

दुसरं लिंबू ठेवलं मात्र, ते पिचकलं.

गाडी तर कोणी सुरू केली नव्हती. कारभारीने वाकून मागे पाहिलं. चौथा नट सैलच होता, आणि त्यातून तेलाची धार लागली होती.

"अहो! पॅडल खाली गेलं! लागंना काही!"

चाक त्याच्या अंगठ्याला घासून पुढे सरकलं. उडी मार, असं त्याला ओरडायचं होतं. पण उडी मारणार कुठून? तिच्या बाजूचं दार चार वर्षं आतून उघडत नव्हतं. काचेत मालनबाईचा चेहरा दिसला, मग नुसता अंबाडा दिसला, मग गाडीचा पाठीमागचा फळका. विहीर वीस पावलांवर. पंधरा. चाकाने उडवलेला एक खडा पुढे घरंगळला आणि विहिरीत पडला. त्याचा 'डुबुक' आवाज यायला बराच वेळ लागला.

"मग?" भिकाने उपरणं नाकावरून खाली घेतलं.

"मग काय!" कारभारीचा आवाज चढला. "मारली झेप! मागचा फळका धरला, टाचा रोवल्या. हे एवढाले दोन चर पडले बघ जमिनीत, गहू पेरावा असे! एक चाक पार विहिरीवर लोंबकळलं. खालचं कासव मान वर करून बघत होतं, भिका! तशी ती गाडी मी ओढली, वीतवीत मागे, याच दोन हातांनी..."

त्याने हात पुढे केले, तोच आतून कप वाजले. त्याने हात पटकन मांड्यांखाली घातले.

मालनबाई चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिच्या कोपरापर्यंत शेण वाळलेलं होतं.

"अहो, कोणते दोन हात?" ती म्हणाली. "ते तर तुमच्या डोळ्यांवर होते! उकिरड्यात गाडी घातली ती मी."