प्लास्टिक काढायचं नसतं

आमच्या घरात दोन नियम आहेत. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही, आणि बिघडलेली वस्तू मोठ्या भाऊजींना दाखवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. पिशवी इतकी मळलीय की सगळे अंदाजानेच बटणं दाबतात. फ्रिजच्या दारावरची फिल्म सुटायला लागली, तर सासूबाईंनी ती चिकटपट्टीने पुन्हा बसवली. आमची गादी तर लग्नापासून प्लास्टिकमध्ये आहे. कूस बदलली की करकर वाजते आणि पलीकडच्या खोलीत भाऊजी खाकरतात.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचे थोरले बंधू. टायरच्या दुकानात बिलं करतात आणि घरात ‘इंजिनियर’ म्हणवून घेतात. त्यांनी इस्त्री दुरुस्त केली, तेव्हापासून आम्ही कपडे बाहेर देतो. दारावरची घंटी दुरुस्त केली, तेव्हापासून पाहुणे दार बडवतात. तरी त्यांचा तोरा तसूभर कमी झाला नाही. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो. यांना आरामखुर्ची पुरते.

अजून न बांधलेल्या इमारती कशा दिसतील, याच्या फिल्म मी बनवते, कॉम्प्युटरवर. एका स्टुडिओने चाचणी म्हणून एका वाचनालयाची फिल्म मागितली होती, शनिवारी दुपारपर्यंत. पसंत पडली तर नोकरी. म्हणजे रोज या घराबाहेर, स्वतःच्या टेबलाशी, जिथे कोणी खाकरणार नाही. मला ती किती हवी होती, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. या घरात हवं म्हटलं की मिळत नाही.

आणि नेमका कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे चित्रं घडवणाऱ्या भागाचा, फॅन गेला. आधी घरघरला, मग थांबलाच. कार्ड तापायचं आणि काम अर्ध्यात असताना कॉम्प्युटर बंद पडायचा. मी गुपचूप त्याच मापाचा नवा फॅन मागवला. चार स्क्रू काढायचे, जुना उचलायचा, नवा बसवायचा, वायर खोचायची. एवढंच. पण पार्सल आलं तेव्हा मी अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघते तर इंजिनियर डायनिंग टेबलावर माझ्या कार्डाची आतडी काढून बसलेले.

“भाऊजी, फक्त फॅन बदलायचा होता.”

“वरवरचं काम मला जमत नाही,” ते म्हणाले. “मुळापासून करतोय. तू हात लावू नकोस, शॉक बसेल.”

वीज कार्डात नव्हती, भिंतीत होती. मी नवऱ्याकडे बघितलं.

“दादा बघतोय ना,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं हे सगळ्यात लांब मत.

सासूबाई शेजारी टॉर्च धरून उभ्या होत्या, भर सकाळी, लख्ख उजेडात. भाऊजींनी कार्डाचा धातूचा सांगाडासुद्धा उचकटला. त्याखाली मऊ पट्ट्या असतात, चिप्सची उष्णता सांगाड्याकडे नेणाऱ्या. त्या फाटल्या. “जुन्याच होत्या,” म्हणून त्यांनी फॅनसोबत आलेल्या नव्या लावल्या, स्क्रू आवळले आणि कॉम्प्युटर सुरू केला. फॅन फिरला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानेही वाजवल्या.

मी फिल्मचं काम लावलं. थोड्याच वेळात पडद्यावर रंगीत चौकोन नाचायला लागले आणि कॉम्प्युटर बंद.

“तुझ्या कामातच दोष आहे,” भाऊजी म्हणाले. “फार भारी करतेस सगळं. फॅन बघ कसा फिरतोय!” नाचता येईना अंगण वाकडं, इथे तर अंगणही माझंच निघालं. ते दुकानाला गेले, जाताना शेजाऱ्यांनाही सांगून गेले.

मी दार लावून घेतलं आणि कार्ड उघडलं. पट्ट्या व्यवस्थित कापलेल्या, व्यवस्थित लावलेल्या. आणि प्रत्येकीवर वरच्या बाजूला, चकचकीत, निळसर प्लास्टिक तसंच, उष्णता अडवत. खालचं काढलं होतं, कारण त्याशिवाय चिकटत नव्हतं. वरचं ठेवलं होतं, कारण नवी वस्तू होती.

मी हसले नाही. इतका राग आला की हसूच येईना. एकेक फिल्म नखाने सोलली, फॅनसोबत आलेली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट चिपवर नव्याने लावली, सांगाडा बसवला, फॅन जोडला. कार्ड गार राहिलं. शनिवारी वेळेत वाचनालयाची फिल्म गेली, आणि बुधवारी स्टुडिओचा फोन आला: सोमवारपासून या.

त्या रात्री जेवताना मी बातमी सांगितली, तर भाऊजी म्हणाले, “फॅन मी बसवला म्हणून निभावलं.”

“दादा होता म्हणून,” नवऱ्याने री ओढली.

जेवणं झाल्यावर मी त्याला खोलीत बोलावलं आणि त्या निळसर फिल्म त्याच्या तळहातावर ठेवल्या. कुठून निघाल्या ते सांगितलं. त्याला लगेच कळलं. तो मठ्ठ नाही, तेच तर दुःख आहे. त्याने त्या नीट घडी करून खिशात घातल्या आणि हळूच म्हणाला, “दादाला दाखवू नकोस हं. त्याला वाईट वाटेल.”

“आणि मला?”

“तुझं झालं ना आता काम.”

भाऊजींची मला चीड यायची. चीड येते म्हणजे माणसाला आपण माणसात धरतो. त्या क्षणी नवऱ्याची नुसती कीव आली, आणि ती चिडीपेक्षा वाईट निघाली.

तो टीव्ही बघायला बाहेर गेला, पिशवीतला रिमोट घेऊन. मी कात्री आणली. गादीच्या बरोबर मध्यावरून प्लास्टिक उभं कापलं आणि माझ्या बाजूचं काढून टाकलं. खालचं कापड पांढरंशुभ्र होतं, लग्नातलं. त्याच्या बाजूचं तसंच राहू दिलं.