बकुळताईच्या पंचक्रोशीतलं हेल्मेट

मी हेल्मेट. माझा आवाज जरा घुमल्यासारखा वाटेल. आतून पोकळ आहे, त्याला इलाज नाही. पण पोकळ म्हणून कमी समजू नका. माझ्याइतकं खाणं काशीतल्या कुठल्याच हेल्मेटने पाहिलं नसेल.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली तेव्हा मी रस्त्याकडेच्या हेल्मेटवाल्याच्या ढिगात उलटा पडलो होतो. एका मुलीने स्कूटर थांबवली, पुढच्या चौकातला पोलीस बघितला आणि सगळ्यात वर होतो म्हणून मला उचललं. ती बकुळताई. रेल्वेच्या चौकशी खिडकीवर बसायची. मागे तिचा धाकटा भाऊ बाळू होता.

"ताई, ये तो टमाटर लग रहा है!"

लाल आहे मी, कबूल.

"असू दे. तुझ्या डोक्यापेक्षा बरं. निदान कामाला तरी येईल," ताई म्हणाली.

त्यांचं घर ब्रह्मा घाटाजवळ. बाबा मुलांना वेद शिकवतात, त्यामुळे स्वयंपाकघरात कांदा-लसणाला बंदी. आणि बाळू दहावीत दोनदा नापास. घरात त्याच्याशी कोणी धड बोलेना, तेव्हा ताईने शनिवारची पंचक्रोशी काढली. खरी पंचक्रोशी म्हणजे काशीची प्रदक्षिणा, वाटेत पाच मुक्काम. ताईचेही मुक्काम पाचच, फक्त देवळांच्या जागी दुकानं. नियम एकच: यात्रा अर्धी सोडायची नाही.

स्कूटर गोदौलियाच्या चौकात लावायची आणि पुढे गल्ल्यांतून पायी. म्हणजे मी डोक्यावर कमी, ताईच्या कोपरावर जास्त. पहिला मुक्काम चहा. तिथे बाकावर मला ठेवून ती जागा धरायची. दुसरा टमाटर चाट. "भैया, प्याज ज़्यादा!" असं ती इतक्या मोठ्याने ओरडायची की बाळू घाबरून मागे बघायचा, बाबा तर नाहीत ना. तिसरा मुन्शी घाटाच्या वरचा गच्चीतला कॅफे. तिथे परदेशी पाहुणे अनवाणी बसून गिटार वाजवत. ताई-बाळू एक केळ्याचं पॅनकेक दोघांत घेत आणि ते येईपर्यंत बाळू माझ्या टाळक्यावर तबला वाजवत असे. ताल चुकला की डोकं माझं दुखायचं.

चौथं बांगड्यांचं दुकान. ताई हातभर बांगड्या चढवायची, भाव विचारायची आणि एकेक करून उतरवायची.

"दीदी, कभी ले भी लिया करो!"

"आज सिर्फ़ दर्शन, भैया."

आणि पाचवं पान. दशाश्वमेधच्या वाटेवरचे चौरसियाकाका लांबून माझा लाल रंग बघूनच पान लावायला घेत. त्यांना ताईचं ना नाव ठाऊक, ना गाव. "रेलवेवाली दीदी," बस. पान तोंडात असताना बोलायचं तर हनुवटी वर करायची, ही विद्या ताईने बाळूला तिथेच दिली. त्या परीक्षेत मात्र तो पहिल्या झटक्यात पास झाला.

रविवारी आई मला पुसायची. पण आधी आत नाक घालून हुंगायची.

"कांदा! बकुळ, बाबांना कळलं तर?"

"हेल्मेटने खाल्ला असेल, आई."

माझी साक्ष कोण काढणार?

मग सप्टेंबरातला एक शनिवार. चौथ्या मुक्कामावर बांगड्या चढवता चढवता ताईने ओढणी अंगाभोवती घट्ट ओढली. "थंडी वाजतेय रे," ती म्हणाली. "आज पान राहू दे. पुढच्या शनिवारी दोन खाईन."

पुढचा शनिवार तिला मिळाला नाही. डेंग्यूने सहा दिवसांत नेलं.

महिन्याभराने बाळूने मला खुंटीवरून काढलं आणि एकटाच निघाला. चहावाल्याने काही न विचारता माझ्याशेजारी चहाचा दुसरा मातीचा कुल्हड ठेवला. चाटवाल्यालाही कळलं होतं, कॅफेत आणि बांगडीवाल्यालाही. चार मुक्काम नीट झाले. पाचव्याच्या वळणावर मात्र बाळू पाठ फिरवून घरी आला. दर शनिवारी तेच. मला कारण माहीत होतं. बातमी बकुळच्या नावाने फिरली; ते नावच ठाऊक नसलेल्या चौरसियाकाकांपर्यंत ती पोचलीच नव्हती. अख्ख्या काशीत त्या एका दुकानात ताई अजून जिवंत होती.

जानेवारीत मावसबहीण वैदेही सांगलीहून आली. "बकुळताईने मला पाच मुक्काम कबूल केले होते," म्हणाली आणि खरोखर पहिल्या तिन्ही ठिकाणी पोटभर जेवली. बांगड्यांच्या दुकानातून निघताना बाळू नेहमीसारखा उलटा वळला.

"आणि पाचवा?"

"पानवाला गावी गेलाय. दुकान बंद."

"अरे कहाँ बंद?" बांगडीवाला आतून ओरडला. "अभी तो खाके आ रहा हूँ!"

बाळूने मला दगडी पायरीवर आपटलं. माझ्या कपाळावरची चीर तेव्हाची. "तुला काय कळतं? जायचं तर जा एकटी!" अख्खी गल्ली थांबून बघू लागली.

वैदेहीने मला उचललं, ओढणीने पुसलं. "मला वाट माहीत नाही. पण ह्याला माहीत असेल," म्हणत मला डोक्यावर चढवलं आणि तरातरा निघाली. अगदी उलट दिशेला. मी काय करणार, मला वाट ठाऊक आहे, पण बोट दाखवायला हात नाहीत.

"अगं, उधर नहीं!" बाळूला धावावंच लागलं. "इकडे! डावीकडे!"

चौरसियाकाकांनी लांबूनच मला ओळखलं. "आ गईं दीदी! इतने दिन कहाँ..."

वैदेहीने मला काढलं. काकांचा चुना लावणारा हात तसाच राहिला.

"काका, दीदी नहीं रहीं," बाळू म्हणाला. "सितंबर में." हे वाक्य त्याने तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, सगळ्यांना आपोआप कळलं होतं.

काका बराच वेळ हातच पुसत राहिले. "हमको तो किसी ने बताया ही नहीं, बेटा." मग हळूच विचारलं, "उनका पान लगाऊँ?"

"दो लगाइए. दो बोलके गई थीं."

बाळूने दोन्ही एकदम तोंडात कोंबली, एक ह्या गालात, एक त्या. डोळे वाहायला लागले, पण पान तोंडात असताना हुंदका कसा देणार? त्याने हनुवटी वर केली. आसवं सरळ कानात.

"बाळू, रडतोयस की गुळण्या करतोयस?" वैदेही म्हणाली. तिचेही डोळे भरलेले. बाळूला हसू फुटलं आणि तिची पांढरी ओढणी लाल ठिपक्यांची झाली. काका हसत होते, रडतही होते. निघताना त्यांनी एक पान बांधून माझ्यात ठेवलं, "माताजी के लिए."

सप्टेंबरनंतर आईने मला पुसणं सोडलं होतं. नुसती हुंगायची, ताईच्या केसांचं तेल शोधत असावी, आणि परत टांगायची. त्या रविवारी पुन्हा नाक आत घातलं.

"कांदा... केळं..." आणि थांबली. "गुलकंद. बाळू, पाचही झाले?"

बाळूने मान हलवली आणि माझ्यातली पानाची पुडी तिच्या हातावर ठेवली.

आई थोडा वेळ मला मांडीवर घेऊन बसली. "पुढच्या शनिवारी मी येते. बाबांना सांगू नकोस."

तर अशी माझी स्थिती. कपाळाला चीर, पट्ट्याला सुतळी. डोक्यासाठी आता नवीन हेल्मेट आणा, बाळूचं डोकं आधीच नाजूक आहे. मला बाकावरचं काम पुरे. आईसाठी जागा धरायची आहे. मागणं एवढंच: मला धुऊ नका.