कामापुरतं बोलणं

दादा माझ्याशी सतरा वर्षं बोलला नव्हता. बोलला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "सांडपाण्याची वाट मागच्या बाजूनं आहे."

मी परवाना विभागात तपासनीस होते. जिथं पाणी, वाफ किंवा विस्तव आहे अशी दुकानं बघायची, फूटपट्टी आणि टॉर्च घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात डोकवायचं आणि खाली शेरा मारायचा. त्या सोमवारी टेबलावर एका लाँड्रीचा अर्ज आला. अर्जदाराच्या रकान्यात माझ्या सख्ख्या भावाचं नाव होतं, त्याच्याच अक्षरात. नात्यातल्या माणसाची जागा आपण तपासायची नाही, फाईल दुसऱ्याच्या हाती द्यायची, असा नियम आहे. नव्यानं लागणाऱ्या लोकांना हा नियम मीच शिकवायचे, वर दोन टोमणेही मारायचे. पण आमची आडनावं वेगळी होती. नवरा मी सोडला, आडनाव राहिलं, कारण सगळे कागद बदलत बसायचा मला कंटाळा आला होता. ते आडनाव उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडलं. फाईल मी पिशवीत टाकली आणि निघाले.

आता मंडळाविषयी सांगायला हवं. आमचे वडील ज्या प्रार्थनामंडळात जायचे, तिथंच आम्ही दोघं वाढलो. मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी मला बोलावून परत जायला सांगितलं. मी गेले नाही. पुढं मंडळातही गेले नाही. अशा माणसाविषयी मंडळाचा नियम अगदी साधा आहे. त्याच्याशी भांडायचं नाही, त्याचं वाईट चिंतायचं नाही, त्याला घरात घ्यायचं नाही, आणि कामापुरतंच बोलायचं. आई गेली तेव्हा दादानं चिठ्ठी पाठवली होती. त्यात वेळ होती आणि जागा होती. तेही कामच.

मी राहते दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर. दोन खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीवर इस्त्रीचे कपडे बसतात. संध्याकाळी घरी येऊन कुलूप उघडलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणीतरी "बाई, फाईल" म्हणेपर्यंत माझ्या कानावर माझ्यासाठी असा एक शब्द पडत नाही. मी रेडिओशी वाद घालते. तो ऐकत नाही, पण निदान नियमही सांगत नाही.

तर लाँड्री. पुढं काउंटर, मागं दोन मोठी धुलाईयंत्रं, वाफेची टाकी, इस्त्रीची तीन टेबलं, आणि आत वाळवणीची बंद खोली. दादानं रुग्णालयाच्या धुलाईघरात सव्वीस वर्षं काढली होती आणि नोकरी सोडून हे उभं केलं होतं. केस पार पिकले होते. मला बघून तो थबकला. मग हात पुसले आणि सांडपाण्याचं ते वाक्य म्हणाला. मी विचारलं, गटाराच्या तोंडाला जाळी कुठं आहे. तो म्हणाला, बसवीन. मी विचारलं, टाकी किती लिटरची. त्यानं सांगितलं. मी विचारलं, माणसं किती ठेवणार. तो म्हणाला, सध्या मी एकटाच.

पाऊण तास आम्ही बोललो. घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की जाळीचा शेरा मारला म्हणजे पुन्हा जायला लागणार.

मग मी जायला लागले. दुसऱ्या खेपेला जाळी बसली होती, पण आग विझवायचं नळकांडं भिंतीवर नव्हतं. तिसऱ्या खेपेला नळकांडं होतं, पण वाळवणीच्या खोलीच्या दाराची स्प्रिंग नव्हती. चौथ्या खेपेला सगळं जागच्या जागी होतं, तर मी फलकावरची अक्षरं दोन बोटांनी लहान ठरवली. नियमात असं काही नाही. दादानं फलकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, किती मोठी करू. अक्षरांची उंची, रंग, पायरीवरून ती दिसतात का, यावर आम्ही अर्धा तास काढला. मधे टाकीतून वाफ सुटली तेव्हा त्यानं न बघता मला दंडाला धरून बाजूला केलं आणि लगेच हात काढून घेतला. तेही कामच, म्हणा.

एका गोष्टीचं मला नवल वाटायला हवं होतं. लहानपणी दादा रुमालाच्या घड्यासुद्धा कडेला कड लावून घालायचा. माझी घडी वाकडी झाली की मोडून पुन्हा घालायचा आणि दिवसभर चिडवायचा. त्या माणसाच्या दुकानात पहिल्या तिन्ही खेपांना काहीतरी नेमकं एकच नसावं? पण मला नवल वाटून घ्यायचंच नव्हतं. आयतं मिळत होतं ते मी घेत होते.

पाचव्या खेपेला मी पायरीच्या उंचीत खोट काढली, तीही नियमात नसलेली. त्यानंतर पत्रक निघालं. मंडळाचं होतं ते. वर्तमानपत्रानं त्यातलं एक वाक्य चौकटीत छापलं: नवऱ्याचं घर सोडून आलेल्या स्त्रीला कुणी घरात थारा देऊ नये. खाली सात सह्या. तिसरी दादाची.

ते वाक्य मी डबा खाता खाता वाचलं. अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, आत्ता जावं आणि ती दोन बोटांनी मोठी केलेली अक्षरं त्याच्या तोंडावर मारावीत. माझ्याविषयीच होतं ना ते? नसेल. सतरा वर्षांत अशा किती तरी बाया झाल्या असतील. पण सही करताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण आलं असेल, ते मला कुणी सांगायला नको. तरी सहाव्या खेपेला मी गेले. पत्रकाविषयी बोलणं हे काम नव्हतं. मी खिडकीची जाळी बघितली. ती नव्हती. मी तसा शेरा लिहिला आणि परत आले.

त्या आठवड्यात परवाना समितीच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही. त्यांची मुलगी नवऱ्याला सोडून घरी आली तेव्हा हे स्वतः ट्रक घेऊन तिचं सामान आणायला गेले होते, सगळ्या ऑफिसला माहीत आहे. पत्रक त्यांच्या टेबलावर होतं. अशा विचारांच्या माणसाला शहरात दुकान उघडू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. विचारांवरून परवाना नाकारला तर उद्या कोर्टात अंगाशी येईल, हेही त्यांना कळत होतं. मग त्यांनी माझी फाईल उघडली आणि खूश होऊन तिच्यावर हात ठेवला. सहा तपासण्या, सहा शेरे. धर्माचं नावही काढायची गरज नाही, म्हणाले. जागाच नालायक आहे, तुमच्याच अक्षरात लिहिलंय.

भावाचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी जे लिहीत गेले होते, त्याचाच त्याच्या गळ्याभोवती फास होत होता. या वयात त्याला रुग्णालय परत घेणार नव्हतं, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं.

सुनावणी गुरुवारी होती. लांब टेबल, अध्यक्ष आणि दोन सभासद, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला दादा. धुऊन इस्त्री केलेला सदरा, त्यानं दिलेला बिलांचा गठ्ठा टेबलाच्या मधोमध. अध्यक्षांनी त्याला विचारलं, हे पत्रक तुम्हाला मान्य आहे का. तो म्हणाला, सही माझी आहे. अध्यक्षांनी पुढं विचारलं, मग घर सोडून आलेल्या बाईचे कपडे तुम्ही धुणार का?

दादा म्हणाला, "कपडे कुणाचे ते मी विचारत नाही. डाग कशाचा, तेवढं विचारतो."

एक सभासद हसला. अध्यक्षांना राग आला. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. या आमच्या बाई, म्हणाले, या नवऱ्याला सोडून एकट्या राहतात, इमानानं नोकरी करतात. यांना तुम्ही घरात घ्याल?

दादानं माझ्याकडं बघितलं. नजर खाली गेली नाही. "नाही," तो म्हणाला.

खोटं बोलता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण दादाला खोटं बोलता येत नाही. लहानपणी माझ्या खोड्यासुद्धा तोच आईला सांगायचा, आणि मग माझ्याबरोबर कोपऱ्यात उभा राहायचा. हे सगळं आठवूनही त्या "नाही"नं माझे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी समोरची बिलं ओढून घेतली आणि तपासल्यासारखं करू लागले.

पहिलंच बिल गटाराच्या जाळीचं होतं. तारीख माझ्या पहिल्या तपासणीच्या तीन आठवडे आधीची. मग नळकांडं, स्प्रिंग, खिडकीची जाळी. एकूण एक वस्तू माझं पाऊल पडायच्या आधी त्या दुकानात आलेली होती. आणि मी तर त्या जागा रिकाम्या बघितल्या होत्या, टॉर्च मारून.

मी उठून उभी राहिले. आवाज चांगला लागला.

"हा माझा भाऊ आहे," मी म्हणाले. "ही फाईल मी पहिल्याच दिवशी सोडायला हवी होती. फलकाचा आणि पायरीचा शेरा मी बनवलाय. बाकीच्या वस्तू आधीपासून घेतलेल्या आहेत, ही बिलं. जागा चोख आहे. ते सहा शेरे माझ्या स्वार्थासाठी आहेत, ते धरू नका."

अध्यक्षांनी विचारलं, कसला स्वार्थ. तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकाकडून दादा बोलला.

"जाळी नव्हती, हे तिनं बरोबर लिहिलंय. ती यायच्या आधी मी काढून ठेवायचो. नळकांडंही."

"का?" अध्यक्षांनी विचारलं.

"काम संपलं असतं," दादा म्हणाला.

अध्यक्ष त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. मग मला म्हणाले, तुम्हाला घरात न घेणाऱ्या माणसाची बाजू तुम्ही का घेताय, याचा तरी मला पत्ता लागू द्या. मी म्हणाले, त्याच्या मताची बाजू मी घेत नाही. ते मत मला जिव्हारी लागतं, रोज लागतं. पण मंडळानं माझं मत बघून मला दार लावलं होतं. आता आपणही त्याचं मत बघून दार लावलं तर आपल्यात आणि मंडळात फरक काय राहिला? त्याच्या घराचं दार त्याचं आहे. हा काउंटर तरी सगळ्यांचा असू दे. उद्या त्यानं एखाद्या बाईचे कपडे परत पाठवले तर मी स्वतः येऊन कुलूप लावीन. पण ते त्यानं केल्यावर.

हे सगळं मी इतक्या तावातावानं बोलले, की दुसऱ्या सभासदानं पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला.

नव्या तपासनिसानं जाऊन जागा बघितली. वीस मिनिटांत परत आला, शेरा निरंक. परवाना मिळाला. अध्यक्षांनी त्यावर माझ्यादेखत सही केली, पेन जरा जास्तच दाबून. मला मात्र तपासणीतून काढून तळघरातल्या जुन्या नोंदींच्या विभागात बसवलं. जे झालं ते रास्तच झालं, तक्रार नाही. तिथं "बाई, फाईल" म्हणायलाही कुणी येत नाही.

लाँड्री सुरू झाली, हे मला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या जाहिरातीतून कळलं. परवाना पक्का म्हणजे आमचं काम संपलं. त्याच्या नियमात आता माझ्यासाठी एक अक्षर उरलं नव्हतं. तीन आठवडे मी संध्याकाळी त्या रस्त्यानं न जाता लांबून वळसा घालून घरी गेले. रेडिओशीही वाद घातला नाही.

चौथ्या आठवड्यात मी कपाट उघडलं आणि राखाडी कोट बाहेर काढला. चांगला स्वच्छ होता. तो हातावर टाकून निघाले. त्याच्या दुकानाच्या अलीकडच्या जिन्यात मी थांबले, इकडं तिकडं बघितलं, आणि कोटाचं मधलं बटण ओढून तोडलं. बावन्नाव्या वर्षी ही अक्कल.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी रांगेत उभी राहिले. फलकावरची अक्षरं पायरीवरून छान दिसत होती. माझी पाळी आल्यावर दादानं कोट काउंटरवर पसरला. कॉलर बघितली, बाह्या उलटून बघितल्या. डाग कुठंच नव्हता. मग त्याचं बोट बटणाच्या जागी थांबलं. तुटलेला दोरा ताजा होता, पांढरा स्वच्छ, नुकता ओढून तोडलेला. त्याच्या ते लक्षात येणार नाही, असं होणारच नव्हतं. मी मुठीतलं बटण काउंटरवर ठेवलं.

बटण लावायला त्याला पाच मिनिटंही लागली नसती. सुई-दोऱ्याचा डबा त्याच्या कोपराशीच उघडा होता. त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि पावतीपुस्तक पुढं ओढलं.

"आठवडा लागेल," तो लिहिता लिहिता म्हणाला. "मधे एकदा येऊन दोऱ्याचा रंग बघून जा."