नव्वदाव्या दिवसाचा आकडा

शामलाने चिमट्याने टिकली उचलली आणि यंत्राच्या चार सुयांखाली सरकवली. पॉलिॲनिलिनची टिकली, रुपयाहून लहान. प्लास्टिकच्या जातीचं, तरीही वीज वाहून नेणारं हे द्रव्य तिने बर्फात भांडं ठेवून स्वतः बनवलं होतं. मार्चमध्ये ती गर्द हिरवी होती. आता, जूनमध्ये, कडेने निळसर दिसत होती.

दाराशी विभागप्रमुख आणि तिचे मार्गदर्शक विश्वासराव उभे होते. खांद्याला पिशवी, हातात पत्राचं उघडं पाकीट. दुपारच्या गाडीने ते भोपाळला निघाले होते. मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झाल्यापासून सरकारी कॉलेजांतल्या माणसांचीही वाटणी चालली होती, आणि शामलाचं नाव तिकडच्या जगदलपूरच्या यादीत लागलं होतं. घरी आई, सुलोचनाबाई, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. तिला हलवणं शक्य नव्हतं. संशोधन इथे ग्वाल्हेरलाच पुरं व्हायला हवं हे भोपाळच्या अधिकाऱ्यांना पटवलं, तर नाव निघेल अशी सरांना आशा होती. पटवायला नव्वद दिवस तग धरलेली टिकली हवी होती.

तिने बाहेरच्या सुयांतून ठरलेला प्रवाह सोडला. आतल्या सुयांना जोडलेला व्होल्टमीटर चढू लागला. तो जितका चढेल, तितका टिकलीचा विजेला रोध जास्त. तो थांबेचना.

"गर्मीने मशीन बिगडली असेल, मॅडम," प्रयोगशाळेतले कान्होजी म्हणाले.

तिने सुया पुसल्या, तांब्याची पट्टी ठेवून पाहिली. यंत्र ठीक होतं. पुन्हा टिकली ठेवली. पुन्हा तेच.

"किती?" विश्वासरावांनी विचारलं.

"वहनक्षमतेचा हजारावा भाग उरलाय, सर."

"महिन्यापूर्वी चांगली होती ना?"

"हो."

"मग तोच आकडा लिही. तिथे कोण तपासणार आहे? आईचा विचार कर."

शामलाने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग तारीख लिहिली, समोर 'दिवस नव्वदावा', आणि त्यापुढे आत्ता मिळालेला आकडा. वही तिने त्यांच्याकडे वळवली.

"भोपाळला जाऊ नका, सर."

विश्वासराव स्टुलावर बसले. पाकिटातलं पत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. शामलाने वाचलं. ग्वाल्हेरला ठेवावं अशी विनंती दोघांसाठी होती. तिच्या नावाखाली त्यांचं नाव होतं.

"तुम्हीपण?"

"परवा दुसरी यादी आली." त्यांनी चष्मा काढला. "निवृत्तीला पावणेदोन वर्षं राहिलीत. काम झाल्यावर सांगणार होतो तुला."

कान्होजी बाहेर गेले.

"सर, अजून शाई ओली आहे, आकडा बदलता येईल," शामला हलकेच म्हणाली. तिने वहीकडे हात नेला.

पण वही विश्वासरावांनी आधीच ओढून घेतली होती. चष्मा पुन्हा चढवून त्यांनी आकडा एकदा नीट वाचला आणि मार्गदर्शकाच्या जागी सही केली.