मोकळा दंड

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली, तवा आमच्या बंजारा तांड्यातली हिरीबाई आधीच दम्यानं बेजार होती. ताप चढल्यावर ती गावातल्या दवाखान्यात गेली.

कंपाउंडर ओट्यावरूनच बोलला, "दंडावरच्या बांगड्या काढ, मंग सुई देतो."

"नवरा जित्ता हाय माहा. कायले काढू?"

गावच्या पाटलीणबाईले सुई देतांना मात्र त्यानं घरी जाऊन तिच्या दंडातली वाकी अलगद वर सारली होती. तांड्याच्या बाईले हात लावायचा नव्हता, दुसरं काय!

हिरीबाई तशीच परतली. तिचा ताप नवऱ्याले, धरमसिंगले लागला. दवाखान्यातलं कोणी तांड्यावर फिरकलं नाही. धरमसिंग मेला, अन् बायांनी रीतीपरमाणं तिच्या दंडावरच्या बांगड्या उतरवल्या.

दुसऱ्याच दिवशी ती धापा टाकत त्याच ओट्यापाशी गेली. उघडा दंड कंपाउंडरपुढं धरला.

"घे, तुही अडचण मेली. टोच आता."