अर्धी कटिंग, पूर्ण झोप

मी सलूनमधली खुर्ची बोलतेय. दारातून आत आलात की उजव्या हाताची पहिली. मागच्या भिंतीकडे आहे ती माझी बहीण. तिच्यापाशी मालकाचा धाकटा भाऊ काम करतो. आम्ही दोघी एकाच कारखान्यात जन्मलो, पण गिऱ्हाइकं आधी माझ्याकडे येतात. बढाई नाही मारत, खरं तेच सांगतेय.

नवी होते तेव्हा काय थाट होता माझा! चकचकीत पाय, लाल गादी, पाठ मागे पाडायला बाजूला दांडा. एका मोठ्या दुकानात पाच वर्षं मिरवले. मग तिथे नव्या खुर्च्या आल्या आणि आम्हाला जिन्याखाली टाकलं. दोन वर्षं धूळ खाल्ली. तिथून आमच्या या मालकाने आम्हाला उचललं, गंज घासून काढला, गादीला ठिगळ लावलं. म्हणून त्याचं सगळं ऐकून घेते. आणि फार ऐकावं लागतं हो! सगळे त्याला रेडिओच म्हणतात. हात थांबेल, तोंड थांबणार नाही.

माणसंही एकेक नमुने. बसल्या बसल्या आरशात बघून आधी पोट आत घेतात. ज्याच्या डोक्यावर चार केस, त्याच्या सूचना चाळीस.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी आमचा नेहमीचा बसड्रायव्हर आला. शर्टाची बटणं वरखाली, खांद्यावर वाळलेल्या दुधाचा डाग.

"लवकर आटप बाबा," तो म्हणाला. "दहा मिनिटांत येतो सांगून निघालोय. मुलगी दीड महिन्याची झाली, पण सलग दोन तास झोप मिळालेली नाही. आता सुट्टी संपली. सोमवारपासून पुन्हा शाळेची बस. मागे चाळीस पोरं असतात रे. चालवताना डोळा लागला तर?"

पुढचं काही बोलायच्या आत त्याची मान कलली. तोवर डोक्याची एक बाजू कापून झाली होती, दुसरी तशीच. रेडिओने मशीन बंद केलं आणि हळूच दांडा ओढून मला मागे पाडलं. तो दांडा एरवी असा करकरतो की विचारू नका. त्या दिवशी कशी कोण जाणे, मी गप्प राहिले. आणि रेडिओसुद्धा! बाकावरच्या एकाने "अजून किती वेळ?" म्हणताच त्याने ओठांवर बोट ठेवलं. तब्बल पन्नास मिनिटं हा माणूस एक अक्षर बोलला नाही. मला तर त्याची काळजीच वाटायला लागली.

ड्रायव्हर जागा झाला तो दचकून. घड्याळ बघून रडवेलाच झाला.

"अरे, उठवायचं ना! घरी बायकोही झोपलेली नाही. पोरगी रडली की आम्ही दोघंही उठतो. एकाने जागायचं आणि दुसऱ्याने घोरायचं, बरं दिसतं का ते?"

"बरं, एक जण पोरीला घेतो. दुसरा काय करतो?"

"शेजारी उभा राहतो."

रेडिओने कपाळाला हात लावला. "धन्य आहात! अरे, मी आणि माझा भाऊ एकदम जेवायला बसलो तर दुकान कोण बघणार? तो जेवतो तेव्हा मी ढुंकूनही बघत नाही. पाळ्या लावा. झोपेल त्याने दार लावून झोपायचं."

"तिला वाईट वाटलं तर?"

"आधी झोपू दे, मग विचार."

तो तसाच, अर्ध्या डोक्याने घरी पळाला.

रविवारी सकाळी आला तो टोपी घालून, पोरीला छातीशी धरून. चेहऱ्यावर तरतरी होती.

"पाठ मागे करू का?" रेडिओने विचारलं.

"नको. आज मी जागायला आलोय. बायको घरी झोपलीय. चार तास झाले!" हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. माझंही मन भरून आलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी शाळेची बस दुकानासमोरून गेली. आत पोरांचा नुसता कल्ला, आणि गाडी अगदी सरळ.

आता माझा एक पाय डुगडुगतो, ठिगळावर ठिगळ आलंय. तरी तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. कुणाकडे बाळ बघायला गेलात, तर त्या दोघांना आत झोपायला पाठवा आणि तासभर बाळ तुम्ही धरा. नाक कुणावर गेलंय, ते नंतर सावकाश ठरवा.